फळीवरची लोकर

मेहकर, ता. भालकी
३ नोव्हेंबर २०२५

तेजश्रीला मेहकरहून बाणूबाईचं सांगणं की, तुझं रजिस्टर शनिवारी पोचलं. वर नाव इरप्पाचं व्हतं, पर तुझा बाप तुरीत फवारणीला गेलता, म्हणून पोस्टमन ज्ञानोबा माझ्या हातात देऊन गेला. मी फोडलं. घरात आलेलं टपाल कुणीतरी फोडायलाच पायजे.

पोरांना चित्रकला शिकवतीस आन् बापाला लिवायच्या तीन ओळी. 'शेडमधली माझी फळी कलबुर्गीच्या प्रदर्शनासाठी निवडली आहे. २६ तारखेला गाडी येईल. तोपर्यंत कुणीही हात लावू नये.' खाली सही. आमी जगलाव का मेलाव, काय न्हाई. सरकारी नोटीस बी ह्याच्यापेक्षा मऊ येती.

अडीच वर्षं झाली तुझा फोन लागत न्हाई. तुझा भाऊ सुनील म्हणतो, तिनं आपल्या सगळ्यांचे नंबर बंद करून टाकलेत. म्हणून लिवायले. दुसरी शिकलेलीचं लिवणं हाय, मास्तरीणबाई, लाल पेन काढू नको.

आता फळीचं. गाडी पाठवू नको. फळी खराब झालीय. उंदरांनी खाल्ली. चूक तुझीच. चिंचोक्याची खळ शिजवून लोकर चिकटवलीस. घोंगड्याला लावायची खळ ती, उंदराला पुरणपोळीच. मी तवाच म्हणलं व्हतं, शहरातला डिंक आण.

आन् खरं सांगू, वाईट वाटून घेण्यासारखं काय गेलं न्हाई. सहा फुटी पलायवूड, त्याच्यावर लाल काव, चुना, राख, डांबर, तुझ्या आईच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आन् सगळ्यावरनं बारक्या खिळ्यांना गुंडाळत नेलेली तिनं कातलेली काळी लोकर. ना त्यात माणूस ना मेंढरू. तू म्हणलीस ह्याला अमूर्त म्हणतात. शेजारची नागूबाई बघून म्हणली, "बाणूअक्का, म्हैस चाटून गेली का हो ह्याला?" मी हसले. तू हसली न्हाईस. आई जाऊन दोन महिने झालते तुझी, हे नागूबाईला कळायला पायजे व्हतं. मला बी.

तर नवी कर. हात तर तुझेच हाईत.

इरप्पाला पत्र अजून दाखवलं न्हाई. दमून येतो.

तुझी आज्जी
बाणूबाई

मेहकर
१० नोव्हेंबर

तेजश्री,

तुझं कार्ड आलं. 'उंदीर खळ खातो आणि लोकर थुंकून टाकतो, हे तूच सांगायचीस. मग लोकर कुठे आहे, आज्जी?'

माझंच माझ्या तोंडावर मारलीस. बरं.

उंदीर न्हाई. लोकर मी काढली.

सुनीलच्या लग्नाच्या टायमाला काढली. आपल्यात नवरा-नवरीच्या मनगटाला काळ्या लोकरीचं कंकण लागतंय, तुला ठाऊक हाय. मेंढरं तर तू कॉलेजात असतानाच इकलेली. लग्नाचं सगळं बघणारे हावगेप्पाअण्णा म्हणले, लोकर घरच्या मेंढराचीच पायजे. घरच्या मेंढराची लोकर पुऱ्या मेहकरात कुठं व्हती? तुझ्या फळीवर. तुझ्या आईनं, रूपानं, दोन हिवाळे बसून कातली ती सुनीलच्या लग्नाच्या घोंगड्यासाठी, आन् ती गेल्यावर तू कुणाला न इचारता खिळ्यांना गुंडाळलीस. सुनील तुझ्याशी बोलंना झाला ते त्याच्यावरूनच.

मला चार बोटं लोकर पायजे व्हती. जास्त न्हाई. कात्रीनं कापली असती तर तुला दिसलं बी नसतं. पर कंकणाच्या लोकरीला लोखंड लावायचं न्हाई. माझ्या सासूनं लावू दिलं न्हाई, मी लावू दिलं न्हाई. म्हणून हातानं ओढली. कोपऱ्यातला शेवटचा पदर खळीत बसलेला, तो ओला करून सोडवला आन् ओढला. म्हणलं, एक वीत आली की पुढचा सांधा येईल, तिथं तुटल.

तुटली न्हाई. रूपाचा सांधा. कसा पिळायचा ते मीच शिकवलेलं तिला, नवी सून असताना, हातावर छडी मारून. एका खिळ्यावरनं सुटली, मग दुसऱ्यावरनं, मग पुरी एक रांग. तू सगळी लोकर एकाच धाग्यानं नेलीस हे मला काय ठाऊक? सोबत चुना गळायला लागला, कावेचे पोपडे आले, दोन चिठ्ठ्या टरकल्या.

आन् ती लोकर खिळ्यांनाच गुंडाळलेली, म्हणजे लोखंड तिला आधीच लागलेलं. हे माझ्या ध्यानात आलं ते लग्न होऊन माणसं गेल्यावर. तवा एकटीच हसले. दुसरं काय करणार.

पर आता काळजी करू नको. उरलेली लोकर पिठाच्या पोत्यात बांधून माझ्या बाजंखाली ठेवली व्हती. तुझं रजिस्टर आल्यापासून रोज दुपारी शेडात बसून पुन्हा लावायले. खळ चांगली घट शिजवली. आठवलं तसं गुंडाळलंय. मनगटाची लोकर गेली तेवढी कमी पडली, ती खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसायची न्हाई. गाडी पाठव. तिथं येणाऱ्या माणसांनी फळी आधी थोडीच बघितलीय?

बाणूबाई

मेहकर
१७ नोव्हेंबर

तेजश्री,

ह्या टायमाला पुरं पान लिवलंस. तीन दिवस उशीखाली ठेवलं. आज लिवायले.

तू लिवलीस, 'तू गुंडाळलेलं मी माझ्या नावावर भिंतीला लावू?' मला वाटलं व्हतं काम झालं म्हणजे झालं. घोंगड्याचा काठ मी इणला काय आन् रूपानं इणला काय, घोंगडं घराचंच असायचं. हे तसलं न्हाई, एवढं कळलं.

खाली लिवलीस, 'धागा लग्नाआधी ओढलास. लग्न झालं हे मला सुनीलच्या मित्राच्या स्टेटसवर कळलं. मला एवढंच सांग, अप्पा मला नको म्हणाले होते का?'

तुझा बाप असं कवाच म्हणला न्हाई.

तुझ्या बापानं पत्रिकेवर तुझं नाव पयलं लिवलं. हळद लावून ती माझ्या हातात दिली, कारण टपालाचं, फोनाचं सगळं माझ्याकडं. तो कसा हाय तुला ठाऊक हाय, फोन कानाला लावला की मुका व्हतो. म्हणला, "अव्वा, ही तिला आज टाक. आन् फोन बी कर. म्हणावं आठ दिवस आधी ये."

मी टाकली न्हाई.

फळी त्याच्या चार दिवस आधी उघडी झालती. मी तिच्यावर ताडपत्री टाकून पुढं कडब्याच्या पेंढ्या लावल्या व्हत्या. तू आली असतीस तर आधी कुठं गेली असतीस? चहा घ्यायच्या आधी शेडात. मग मांडवात पाव्हण्यांसमोर काय झालं असतं, ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तू तोंडानं माझ्यावर गेलीस, बापावर न्हाई. म्हणून म्हणलं, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. एकदा लग्न झालं की मग काय सांगणार?

तू रविवारी फोन केलास. मी म्हणलं, "तारीख अजून धरली न्हाई गं, दिवाळीनंतर बघू." तवा माझ्या हाताला हळदच व्हती.

इरप्पाला सांगितलं की तू येत न्हाई म्हणलीस. तो इचारला, "कामून?" आता कामून काय सांगू? म्हणलं, "आईच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवणार न्हाई म्हणली. फोन करू नका म्हणली." तुझ्या तोंडात बसंल असंच सांगितलं. लगेच पटलं त्याला.

आन् मागच्या पत्रात हावगेप्पाअण्णांवर घातलं ते बी काढून टाक. ते म्हणले व्हते, "बाणूबाई, कसली बी काळी लोकर चालती, संतपूरच्या बाजारातनं आणा." मलाच ती पायजे व्हती. रूपा मांडवात नव्हती, तिच्या हातचं कायतरी पोराच्या मनगटाला असावं म्हणून. हे खरं हाय. पर हे एकच खरं न्हाई. चार बोटं आल्यावर धागा धरून दातानं तोडता आला असता. त्याला कुठं लोखंड लागतंय? मी तोडला न्हाई. ओढत राहिले. लेकराचं घोंगडं फळीला ठोकलंस म्हणून माझ्या मनात जे व्हतं, ते प्रत्येक खिळ्यागणिक जरा हलकं व्हायलं व्हतं. बरं वाटायलं व्हतं, तेजश्री. अर्धी फळी उघडी झाली तवा बरं वाटायचं थांबलं, पर तवर हात थांबंना.

एक मागते. इरप्पाला हे सांगायला लावू नको. मी अठ्ठ्याहत्तरची. त्याला मी सोडून कोण हाय? तू गाडी पाठव, बापाशी गोड बोल, मी मधनं बाजूला व्हते.

बाणूबाई

मेहकर
२१ नोव्हेंबर

तेजश्री,

'अप्पांना सांग. नाहीतर फळी तिथेच राहू दे, मला नको.' एवढंच लिवलंस. माझीच नात हाईस.

काल सांगितलं.

दुपारी भाकर घेऊन रानात गेले. तो तुरीत, पाठीवर फवारणीचा पंप.

"इरप्पा, पंप खाली ठेव."

"बोल की अव्वा. कानाला काय झालं न्हाई माझ्या."

"ठेव म्हणते ना."

ठेवला. बांधावर बसला. मी उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर उठताना त्याचा हात लागला असता. तुझं रजिस्टर दिलं, बाकीची पत्रं दिली. फळी, लोकर, पत्रिका, सगळं सांगितलं. तो भाकरीचं फडकं सोडत व्हता, ते तसंच धरून बसला.

"कंकणाचं जाऊ दे," म्हणला. "ती येत न्हाई म्हणली व्हती का न्हाई?"

"न्हाई."

"तू तिला इचारलीस?"

"न्हाई."

"मग आईच्या जागी दुसरं कुणी बघवत न्हाई, हे कोण म्हणलं?"

"मी."

तो हसला. तेजश्री, मी त्याला बाळंतिणीच्या खोलीपासून बघितलंय, असा हसलेला बघितला नव्हता. म्हणला, "लई चांगलं बोललीस की गं. त्या एका बोलण्यावर मी अडीच वर्षं काढली. म्हणलं, पोरगी आली न्हाई तर न्हाई, पर आईला इसरली न्हाई. लग्नात मी रूपाचा पाट रिकामा ठेवला. सगळे म्हणले नागूबाईला बसव, चुलती लागती गावाच्या नात्यानं. मी कुणाला बसू दिलं न्हाई. माझ्या पोरीला बघवत न्हाई म्हणून. ती तर ते म्हणलीच न्हाई."

मी म्हणलं, "ती म्हणलीच असती."

"गप," म्हणला.

माझ्या पोटच्या पोरानं मला गप म्हणलं.

मग त्यानं पंप पाठीवर घेतला आन् उरलेल्या सहा ओळी मारल्या. भाकर तशीच परत आणली.

घरी आल्यावर सुनीलला आन् त्याच्या बायकोला, रेणुकाला, त्यानंच सांगितलं, माझ्यासमोर. मला एका शब्दानं मधे पडू दिलं न्हाई. सुनील लगेच तुझा नंबर लावायला लागला. लागंना. मग माझ्याकडं बघून म्हणला, "आज्जी, मला वाटायलं व्हतं अक्का लोकरीवरून अजून रुसलीय. मी तिच्या फोनाची वाट बघत बसलो, लग्नाला बोलावलंच न्हाई तर तिनं कामून फोन करावा?" रेणुका राजेश्वर गावची, तोंडाला धार हाय, मलाच ती करून आणायची व्हती म्हणून मी कवतिकानं आणली. ती म्हणली, "नणंदेचं चित्र माझ्या मनगटाला बांधलाव आन् मला सांगितलाव बी न्हाई. मी ते कंकण कुठं सोडलंय ठाऊक हाय का? हिरीत सोडलंय. आता कुठनं देऊ तिला?"

मी चूल पेटवायला उठले.

इरप्पा आता मला अव्वा म्हणत न्हाई. जेवायला वाढलं की "ठेव" म्हणतो. तुझं काम झालंय. गाडी पाठव.

बाणूबाई

मेहकर
२७ नोव्हेंबर

तेजश्री,

फळी तुझ्याकडं पोचली असंल. तुला इरप्पा सांगंलच, पर माझ्या बाजूचं काम मी कसं केलं ते मी लिवते.

काल सकाळी टेम्पो आला. अमरेश नावाचा माणूस, दाढीवाला, अर्धं कन्नड अर्धं मराठी, लई सांभाळून बोलणारा. शेडात गेला, ताडपत्री काढली, आन् खिशातला कागद काढून मला वाचून दाखवला. वाचताना त्यालाच अवघड झालं. 'आज्जीने लावलेली लोकर आज्जीनेच काढावी. मग फळी गाडीत घालावी.'

म्हणला, "अज्जी, मी मदत करू का? कागदात तसं न्हाई, पर करू का?"

"कागदात न्हाई तर न्हाई," म्हणलं.

कोमट पाणी करून घेतलं. खळ भिजवत भिजवत काढली. माझी खळ चांगली शिजली व्हती, सुटंना. नखं दुखायली. ह्या टायमाला एका दमात ओढली न्हाई, एकेक खिळा मोकळा केला. सकाळी नऊला बसले, बाराला उठले. अमरेश बाहेर दगडावर बसला व्हता. रेणुकानं त्याला चहा दिला. मला दिला न्हाई, मी बी मागितला न्हाई.

काढताना पयल्यांदा फळी नीट बघितली. तू केलीस तवा बघितली न्हाई, नागूबाईचं बोलणं ऐकलं. मी उघडी केली तवा लोकर बघितली. काल बघितली. मला कळली असं म्हणणार न्हाई, न्हाईच कळली. पर एक दिसलं. मी जे गुंडाळलं व्हतं ते सगळं आडवं, सरळ, घोंगड्याच्या ओळीसारखं. तुझ्या खिळ्यांची चाल तशी नव्हतीच. दवाखान्याच्या चिठ्ठीपाशी येऊन खिळे दाट दाट झालेत, आन् पुढं एकदम इरळ, हातभर जागेत एक. रूपाच्या त्या शेवटच्या आठवड्यातल्या श्वासासारखं. तू कशासाठी तसं केलंस मला म्हाईत न्हाई. दुसरंच काय असंल. पर मी त्याच्यावरनं सरळ ओळी मारून गेले व्हते.

मोकळी झाल्यावर अमरेशनं दुसरा कागद काढला. फळीखाली लावायचा, तुझ्या हातचा. फळीवर काय काय हाय ते तो बोट लावून मोजून घ्यायला लागला. काव हाय, चुना हाय, राख, डांबर, कागद, खिळे. मधे एक शब्द खोडलेला. त्यानं तो वाचला न्हाई. मला दुसरीपुरतं वाचता येतं, मी वाचला. मग खाली तुझं नाव आन् एक ओळ. 'यातली लोकर घरच्यांनी काढून घेतली.' घरच्यांनी लिवलंस. माझं नाव घालायला पायजे व्हतंस. बिचाऱ्या इरप्पाचा, सुनीलचा काय गुन्हा त्यात? जमलं तर बदल.

इरप्पा नवं धोतर नेसून तयारच व्हता. लोकरीचं पोतं माझ्या हातातनं घेतलं, इचारलं न्हाई. पुढं डायवरजवळ जागा व्हती, अमरेश म्हणला, "इकडं या मामा." बसला न्हाई. मागं फळीला दोन्ही हातानं धरून उभा राहिला. भालकीच्या फाट्यापर्यंत तरी तसाच गेला म्हणून तिथला हणमंतप्पा सांगत व्हता, त्यानं आपल्या दुकानातनं बघितलं. कलबुर्गीपर्यंत बसला का न्हाई मला कळायला मार्ग न्हाई.

कवा येणार ते मला सांगून गेला न्हाई. सुनीलला सांगितलं असंल. मी सुनीलला इचारणार न्हाई.

तिथं तो माझ्याबद्दल बोलंल. आता बोलायला लागला तर थांबायचा न्हाई, लई वर्षांचं साठलंय, एवढ्याच गोष्टीचं न्हाई. मधे मधे माझी बाजू घ्यायला जाऊ नको, तुला घ्यावीशी वाटायची न्हाई म्हणा. तो जे सांगंल ते खरं धर. त्याच्यावर मी काय लिवून पाठवणार न्हाई.

बाणूबाई